पावसानंतरचा सह्याद्री : कुठल्या पंधरवड्यात कुठली वाट

गणपतीचं विसर्जन झालं की ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच प्रश्न फिरू लागतो : आता कुठे जायचं? उत्तरात तीच दहा-बारा नावं येतात आणि पुढच्या रविवारी कळसूबाईच्या शिडीखाली माणसांची रांग लागते. या सगळ्यात ‘केव्हा’चा विचार राहून जातो. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच्या दोन महिन्यांत सह्याद्री निदान तीनदा रूप पालटतो. भाद्रपद सरताना पठारं फुललेली असतात, पण कातळ निसरडा असतो. आश्विनात हवा स्वच्छ होते, पण गवत कमरेच्या वर जातं आणि दुपारी विजा कडाडतात. कार्तिकात वाटा उघड्या पडतात, तोवर ओढे आटायला लागलेले असतात. एकच वाट या तीन काळांत तीन वेगळ्या तयारीनिशी चालावी लागते. म्हणून आधी पंधरवडा पाहावा, मग डोंगर निवडावा.

हवामान विभागाच्या सरासरी तारखांप्रमाणे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो आणि १५ ऑक्टोबरच्या आसपास देशातूनच निघतो. पण सरासरी ती सरासरीच. परतीचा पाऊस ज्या रीतीने येतो ती डोंगरात चालणाऱ्याने नीट ओळखून असावी. सकाळ लख्ख असते, अकरा-बारापर्यंत ऊन भाजून काढतं, मग पूर्वेकडे ढगांचे मनोरे चढू लागतात आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाटासह सर कोसळते. आषाढातल्या संततधारेत माणूस भिजतो, एवढंच. या काळात उघड्या माथ्यावर खरी भीती विजेची असते. तेव्हा ऑक्टोबरात पहाटे चालायला लागावं आणि दुपारी एक-दोनच्या आत माथा, धार आणि लोखंडी शिड्या-रेलिंग मागे टाकून खाली उतरायला लागावं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं. ते फोनमध्ये असावं, पण गडावर रेंज नसते हे धरून आभाळाकडेही लक्ष ठेवावं.

पहिला पंधरवडा पठारांचा. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचे पहिले काही दिवस कड्यांच्या, घळींच्या वाटा सोडून द्याव्यात आणि सपाटीवर फिरावं. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं कास त्यासाठी सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. फुलांच्या हंगामात इथे दिवसाला ठरावीक संख्येनेच प्रवेश मिळतो आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून जाणं सोयीचं पडतं. शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळावा.

कासला जाऊन गुलाबी तेरडा आणि पिवळ्या सोनकीच्या गालिच्याचे फोटो काढून परतणारे बहुसंख्य असतात. त्यांचं अर्धं पठार बघायचं राहून जातं. इथे जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा आहे आणि त्यात पोषण फार थोडं. त्यामुळे काही वनस्पतींनी किडे पकडून उणीव भरून काढायची सोय केली आहे. गुडघ्यावर बसून ओलसर जागी निरखलं की निळ्या-जांभळ्या, नखाएवढ्या फुलांचे ताटवे दिसतात. ही सीतेची आसवं. त्यांच्या मुळाशी चिखलात बारीक पिशव्या असतात आणि एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की ती त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. शेजारीच दवबिंदूची तांबूस पानं असतात. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब लकाकत असतो. उन्हात दव सुकून गेल्यावरही हे थेंब तसेच राहतात, म्हणून दहानंतर ती वनस्पती ओळखणं सोपं जातं. या पातळ मातीवर एक बूट पडला की ती घट्ट दाबली जाते आणि पुढच्या वर्षी तिथे उगवण विरळ होते. आखून दिलेल्या पायवाटेवरूनच चालायचं, ते यासाठी. सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी नशिबात असली तर दिसते. तिच्यासाठी गर्दीत घुसून झुडपं तुडवणाऱ्यांना मात्र हात धरून मागे ओढावं.

कासची गर्दी नको असेल तर भंडारदऱ्याच्या वरचा रतनगड आहे. रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या जुन्या दगडी देवळापासून वाट सुरू होते, ओढा ओलांडत जंगलात शिरते आणि शेवटी शिड्यांवरून गडात पोचते. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. सप्टेंबर सरता सरता गडाच्या उतारांवर सोनकी फुलते, आणि माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाच्या आरपार भोकात, उभं राहिलं की दोन्हीकडचे पिवळे उतार एकदम नजरेत येतात. नेढ्यात वारा जोराचा असतो आणि पलीकडे दरी आहे. लहान मुलांना तिथे मोकळं सोडू नये. खालच्या टप्प्यातला ओढा पाऊस असेल त्या दिवशी झपाट्याने चढतो. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी दुपारी छातीपर्यंत येऊ शकतं. आदल्या रात्री घाटमाथ्यावर मोठा पाऊस झाला असेल तर देऊळ आणि धरणाचा जलाशय पाहून परत फिरण्यात शहाणपण.

आश्विन लागला की हरिश्चंद्रगड. नवख्यांनी पाचनईची वाट धरावी : अडीच-तीन तासांची चढण, एका बाजूला ओठंगलेला कातळ, दुसऱ्या बाजूला ओढ्याची घळ आणि मग थेट देवळाजवळचं पठार. खिरेश्वराहून टोलार खिंडीची वाट लांबची. खिंडीनंतर कातळटप्प्यावर रेलिंग आहे आणि त्याच्या वर जंगलातून टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत बरंच चालावं लागतं. चार-पाच तास सहज जातात आणि परतताना अंधार पडला तर याच टेकड्यांत माणसं चुकतात. तिसरी नळीची वाट कोकणातून कड्याच्या कुशीतल्या नाळेने चढते. ती अनुभवी गिर्यारोहकांची आहे आणि पावसाची ओल असेतो त्यांनीही तिकडे फिरकू नये.

गडावर पोचल्यावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं शिवलिंग आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एकुलता खांब हे सगळं बघावं. पण या दिवसांत गडाची खरी मिरास कोकणकडा आहे. बाहेरच्या बाजूला वाटीसारखा आत वळलेला, पश्चिमेकडे तोंड असलेला हा प्रचंड कडा. पावसाच्या अखेरीला दरीत सकाळी ढग साचून राहतात. सूर्य पाठीमागे पूर्वेला वर आलेला असतो आणि समोर खाली धुक्याची भिंत. अशा वेळी त्या धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली पडते. हेच इंद्रवज्र. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे ते पाहिल्याची नोंद आहे. शेजारी दोघे उभे असले तरी प्रत्येकाला वर्तुळाच्या मध्यभागी आपल्याच डोक्याची सावली दिसते, कारण प्रत्येकाचा डोळा आणि सूर्य यांची रेषा वेगळी. ते पाहायचं तर गडावर मुक्काम हवा. सकाळी खालून चढून येईपर्यंत ढग विरलेले असतात. मुक्कामाचे, तंबूंचे आणि चुलीचे नियम अभयारण्यात बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाचनईच्या चौकीवर किंवा गावात विचारून घ्यावं. कड्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली डोकवायची जुनी रीत आहे. तीच पाळावी. उभ्याने टोकावर सेल्फी घेणाऱ्याला वाऱ्याचा एक झोत पुरतो.

याच सुमाराला नवरात्र येतं. बारी गावातून कळसूबाईच्या देवीला जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. १६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर त्या दिवसांत गावकऱ्यांसाठी देवस्थान असतं, हे ध्यानात ठेवून शिड्यांवर त्यांना आधी वाट द्यावी. निवांतपणा हवा असेल तर तो कोजागिरीनंतरच्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी मिळतो.

आता सगळ्यात कळीची गोष्ट : वाट ओळखण्याची. पावसाळ्याच्या शेवटी सह्याद्रीत माणसं हरवतात, त्यामागे बहुतेक वेळा गवत आणि ढोरवाटा असतात. चार महिने गुरं डोंगरात चरलेली असतात आणि त्यांच्या खुरांनी आडव्या वाटांचं जाळं विणलेलं असतं. वरवर पाहता ती वाट माणसांच्या वाटेपेक्षाही मळलेली दिसते. फरक असा : गुरांची वाट उतारावर आडवी, एका पातळीत जाते, चाऱ्याच्या जागी फुटून चार बाजूंना विरते आणि शेवटी कारवीच्या रानात किंवा पाणवठ्यावर संपते. माणसांच्या वाटेला दिशा असते. ती धारेकडे, सोंडेकडे किंवा खिंडीकडे रोख धरते, कातळावर तिच्या खुणा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, ठिकठिकाणी दगडांवर दगड रचलेले सापडतात, झाडावर बाणाची खूण असते. पाच-सात मिनिटं चालूनही यांतलं काहीच दिसलं नाही तर पुढे रेटू नये. शेवटची पक्की खूण जिथे दिसली होती तिथे परत यावं आणि तिथून नव्याने शोधावं. खाली गाव दिसतंय म्हणून मिळेल त्या घळीने उतरायला लागणं हे सर्वांत घातक, कारण सह्याद्रीतली घळ बहुधा कड्यावरच जाऊन संपते. फोनमध्ये जीपीएसचा ट्रॅक उतरवून घेणं चांगलंच. पण गावातला वाटाड्या सोबत घेणं त्याहून चांगलं. मोबदला आधी मोकळेपणाने ठरवावा आणि मागितला त्यात घासाघीस करू नये. भातकापणीच्या दिवसांत तो आपल्या खाचरातलं काम सोडून सोबत आलेला असतो.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या जवळचे गड गजबजलेले असतात. त्या वेळी बागलाणातला साल्हेर गाठावा. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याला मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यांत हाही आहे. वाघांबे गावातून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढून कातळकोरीव पायऱ्यांनी वर जाता येतं. घाटमाथ्याच्या मानाने इकडे पाऊस कमी, त्यामुळे वाटा लवकर वाळतात. पायऱ्यांच्या बाजूला दरी असल्याने ज्यांना दृष्टिभय आहे त्यांनी सावकाश, भिंतीच्या बाजूने चालावं. माथ्यावर परशुरामाचं छोटं देऊळ आहे आणि निरभ्र दिवशी सेलबारी-डोलबारीच्या रांगा दूरवर दिसतात.

दिवाळी झाली की लांब पल्ल्याच्या वाटांचे दिवस येतात. राजगडाहून तोरणा हा त्यांतला मानाचा ट्रेक. गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरून डोंगरधारेवर यायचं, धार धरून बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं आणि वेल्ह्यात उतरायचं. धारेवरचं चालणंच सहा-सात तासांचं आहे. ऑक्टोबरात हीच धार डोक्याएवढ्या गवतात बुडालेली असते. पुढच्याची सॅकही दिसत नाही आणि पाय कुठे पडतोय ते कळत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून गवत वाळून आडवं होतं, वाट मोकळी होते आणि तोरण्याची झुंजार माची उजेडात स्वच्छ दिसते. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी तीन ते चार लिटर पाणी राजगडावरच भरून घ्यावं. मध्ये एका खिंडीत गाडीरस्ता ओलांडावा लागतो. कुणाचे गुडघे बोलू लागले असतील तर तिथेच थांबून त्याला खाली पाठवण्याचा निर्णय घ्यावा, कारण पुढे तोरण्याच्या अंगाचा चढ मुरमाड आहे आणि वाळलेल्या गवताखालच्या घसाऱ्यावर थकलेले पाय सटकतात.

जुन्या घाटवाटांची मौजही याच काळात. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला अडीच-तीन तास लागतात. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सुरुवातीच्या पुराव्यांत त्यांची गणना होते. घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण आहे. कोकणातून चढणाऱ्याने एकच पथ्य पाळावं : उजाडताना पायथा सोडावा. नोव्हेंबरातही दहानंतर कोकणची बाजू दमट आणि तापलेली असते आणि उष्माघाताचे प्रकार इथेच होतात. वर घाटघरला पोचल्यावर जुन्नरकडे उतरता येतं किंवा वेळ असेल तर जीवधन बघता येतो.

वासोट्याचं गणित वेगळं. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे जायचं आणि कोयनेच्या दाट जंगलातून चढायचं. पावसाळ्यात ही वाट बंद असते आणि पावसानंतर वन विभाग ती खुली करतो. परवानगी घ्यावी लागते, मुक्कामाला मनाई आहे, आणि संध्याकाळच्या आत बोटीवर परत यावंच लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत जळवा भरपूर असतात. मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळणं हा जुना उपाय कामी येतो.

सांदण दरी आणि अलंग-मदन-कुलंग ही नावं या यादीत मुद्दाम घेतलेली नाहीत. सांदणच्या चिंचोळ्या घळीत दिवाळीपर्यंत पाणी साचलेलं असतं आणि पावसाची एक सर तिथे लोंढा होऊन उतरते. अलंग-मदनला दोराची आणि तो हाताळणाऱ्या जाणकारांची गरज लागते. दोन्हींसाठी डिसेंबर उजाडू द्यावा. व्यावसायिक आयोजकांबरोबर कुठेही जाताना राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यांची नोंदणी आहे का, किती माणसांमागे एक प्रशिक्षित लीडर आहे आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत.

पाऊस सरल्यावर कड्यांवर आग्या मोहोळं लटकायला लागतात आणि सह्याद्रीतल्या अपघातांत त्यांचा वाटा मोठा आहे. काळपट, अर्धवर्तुळाकार, हातभर लांबीचं पोळं कातळाच्या ओठंगलेल्या भागाखाली दिसलं तर त्या बाजूला आवाज, धूर आणि अत्तर-डिओडरंट या तिन्ही गोष्टी वर्ज्य. शिट्ट्या, घोषणा, ड्रोन नकोतच. पोळ्याखाली चूल पेटवण्याइतकं घातक काही नाही. माशा उठल्याच तर हात झाडू नयेत. चेहरा आणि मान कापडाने झाकून, पायाखाली नीट पाहत, शक्य तितक्या लवकर त्या जागेपासून दूर जावं. पळण्याच्या नादात कड्यावरून पडून माणसं दगावतात. डंख नखाने खरवडून काढावेत. श्वास लागायला लागला, ओठ-जीभ सुजली तर क्षणही न दवडता दवाखान्याकडे निघावं.

सापांचं भय त्या मानाने वाजवीपेक्षा जास्त बाळगलं जातं. तरी फुरसं आणि हिरवा चापडा दोन्ही याच दिवसांत वाटेवर भेटतात. कातळटप्प्यावर वर हात टाकण्यापूर्वी तिथे काय आहे ते पाहावं आणि गवतात काठी आपटत चालावं. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, करकचून आवळपट्टी बांधणं यांतलं काहीही न करता अवयव हलू न देता रुग्णाला उचलून खाली आणावं. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्वांना माहीत हवेत. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचं जाळं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत चालतं. त्यांचा मदत क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये असावा आणि घरी कुणाकडे तरी ‘अमुक वाटेने चढणार, तमुक गावात उतरणार, इतक्या वाजेपर्यंत फोन करणार’ असं लिहून ठेवलेलं असावं. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच अंधारतं, म्हणून एका दिवसाच्या ट्रेकलाही प्रत्येकाच्या सॅकमध्ये टॉर्च हवीच. मोबाइलचा दिवा ही टॉर्च नव्हे.

कपड्यांबद्दल थोडक्यात : पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, ओल्या कातळावर पकड धरणारा मऊ रबरी तळाचा बूट, आणि मोज्यांचा एक कोरडा जोड. बाकी सामान हलकं ठेवावं. जेवणाची सोय पायथ्याच्या गावात आधी सांगून करावी. नव्या नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो, आणि गावात चार पैसे राहतात.

घरी आल्यावर एक काम उरतं आणि ते हटकून विसरलं जातं. गवतातून आलेले कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत, आंघोळ करताना काखा, जांघा, कमरेचा पट्टा, कानामागची जागा तपासावी. या दिवसांत गवतात गोचिडी असतात आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेही, ज्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. चावल्याजागी कधी कधी काळी खपली धरते, कधी काहीच दिसत नाही. ट्रेकनंतरच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर साधा व्हायरल समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जाऊन कुठल्या डोंगरात, कुठल्या तारखेला, गवतातून चालून आलो ते स्वतःहून सांगावं. वेळेवर निदान झालं की नेहमीच्या वापरातल्या प्रतिजैविकांनी हा ताप उतरतो.